वारसा आणि विश्वस्त : एका टोलाच्या घड्याळाच्या निमित्ताने

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात चार दिवसांची सुट्टी घेऊन आम्ही पुलगावच्या आमच्या वडिलोपार्जित घरी गेलो, तेव्हा तेथे एक लहानसा वाद चालू होता. माजघराच्या भिंतीवरील टोलाचे घड्याळ वडिलांच्या निधनानंतर काही महिन्यांतच बंद पडले होते, आणि दोन वर्षे ते तसेच मुके होते. आमच्या धाकट्या भावाने त्यावर एक व्यवहारी तोडगा काढला होता. बाजारात बॅटरीवर चालणारे, तळहातात मावेल एवढे यंत्र मिळते. जुनी यंत्रणा काढून टाकायची व त्या जागी हे यंत्र बसवायचे. पेटी जुनी, तबकडी जुनी, वेळ मात्र अचूक. पुतण्याने ते यंत्र आणूनही ठेवले होते. आतल्या जुन्या पितळेचे भंगारवाला किती देईल, याचाही हिशेब झाला होता.

वादाची दुसरी बाजू आमची आई होती. ऐंशी वर्षे ओलांडलेल्या आईने कोणाशी वाद घातला नव्हता. “टोल आयकू नाही आला की रात्र सरतच नाही रे,” एवढेच ती म्हणाली. तिची दृष्टी आता मंद झाली आहे. रात्री जाग आली की किती वाजले हे तिला भिंतीकडे पाहून कळत नाही, टोल मोजूनच कळत असे. बॅटरीच्या त्या यंत्राला टोल नव्हता.

“दादा, आता तूच ठरव,” असे म्हणून भावाने निकाल आमच्यावर सोपवला. आम्ही चार दिवसांची मुदत मागून घेतली. त्या चार दिवसांत एक जुने घड्याळ उघडताना आमच्या घराचा, आमच्या जिल्ह्याचा आणि ‘वारसा’ या शब्दाचाही थोडा इतिहास आमच्या हाती लागला. तो वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

घड्याळ हा शब्द आपल्याकडे ‘घटी’ किंवा ‘घटिका’ या शब्दापासून आला. बुडाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे वाटीसारखे पात्र पाण्यात तरंगत सोडायचे. छिद्रातून पाणी चढत जाऊन ते बुडाले की एक घटका भरली. घटका म्हणजे आजची चोवीस मिनिटे. अशा साठ घटकांचा अहोरात्र होतो. लग्नमुहूर्तासाठी घटिकापात्र मांडण्याची चाल महाराष्ट्रात फार काळ टिकून होती. शेतकऱ्याला मात्र त्याचीही गरज नव्हती. त्याचे प्रहर सूर्य, सावली आणि कोंबड्याची बांग यांवरून चालत. त्या काळाला एक गुण होता : प्रत्येक गावाचा मध्यान्ह त्याच्या स्वतःच्या डोक्यावर येत असे.

वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला तो १८६२ साली. जिल्ह्याचे ठाणे आधी पुलगावजवळच्या कवठा येथे होते. १८६६ साली पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसवण्यात आले आणि ठाणे तेथे गेले. लगेच पुढच्या वर्षी, १८६७ साली, मुंबईहून निघालेला लोहमार्ग वर्ध्यावरून नागपूरपर्यंत पोहोचला. हिंगणघाट आणि पुलगाव येथील कापसाच्या बाजारपेठा या मार्गाला जोडल्या गेल्या, आणि त्याच शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत दोन्ही ठिकाणी कापडगिरण्या उभ्या राहिल्या. रेल्वेची शिटी आणि गिरणीचा भोंगा या दोन आवाजांनी आमच्या जिल्ह्यात घड्याळाचा काळ आणला.

हा काळ सूर्याचा नव्हता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. भारतातील रेल्वेगाड्या त्या वेळी मद्रासच्या वेळेवर धावत. पृथ्वी स्वतःभोवती एक अंश फिरायला चार मिनिटे घेते. वर्धा साधारण साडेअठ्ठ्याहत्तर अंश पूर्व रेखांशावर आहे, आणि मद्रास त्याच्या पूर्वेला. या हिशेबाने मद्रासची वेळ वर्ध्याच्या सूर्यापेक्षा सुमारे सात मिनिटे पुढे होती, तर मुंबईची वेळ वर्ध्याच्या तेवीस मिनिटे मागे. म्हणजे मुंबईकर पाहुणा स्वतःचे खिशातील घड्याळ घेऊन वर्ध्याच्या फलाटावर उतरला, तर त्याला एकाच क्षणी तीन वेळा दिसत : खिशातील मुंबईची, फलाटावरील मद्रासची आणि माथ्यावरील सूर्याची. १९०६ साली संपूर्ण देशासाठी एकच प्रमाणवेळ ठरली. मुंबई शहराने आपली जुनी वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे सोडली नाही. आम्हा वऱ्हाड-नागपूरकडच्या लोकांनी मात्र नवी वेळ मुकाट्याने स्वीकारली. आजही वर्ध्यात सरासरीने सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात सव्वाबारा वाजताना. आमच्या लहानपणी वडील अंगणातील सावली दाखवून म्हणत, “देवाचे बारा आता वाजले.” त्या बोलण्यामागील भूगोल आम्हाला सेमिनरीत गेल्यावर समजला.

अशा रीतीने सामान्य माणसाच्या घरातील भिंतीवरचे घड्याळ हे आरंभी केवळ शोभेची वस्तू नव्हते. गाडी चुकू नये, पाळी चुकू नये, शाळेची घंटा चुकू नये, यासाठी घर आणि बाहेरचे नवे जग यांच्यात बांधलेला तो एक पूल होता. आमचे आजोबा रेल्वेत होते. घरातील सांगण्याप्रमाणे त्यांनी हे घड्याळ १९३६ साली नागपूरच्या सीताबर्डीवरून आणले, आणि त्यासाठी कित्येक महिने पगारातून पैसे बाजूला ठेवले होते.

त्या काळी आपल्याकडील घरांत तीन देशांची घड्याळे दिसत. अमेरिकेची ‘अन्सोनिया’ व ‘सेथ थॉमस’, जर्मनीच्या काळ्या अरण्यातील ‘युंगहान्स’, आणि जपानची ‘सेकोशा’. आमचे घड्याळ सेकोशाचे. टोकियोचे एक घड्याळ-व्यापारी किंतारो हात्तोरी यांनी १८९२ साली हा कारखाना काढला, आणि त्याचा पहिला माल म्हणजे भिंतीवरची घड्याळेच होती.

त्या यंत्रातील मूळ कल्पना मात्र युरोपची. ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने लंबकाच्या घड्याळाचा पहिला नमुना तयार केला तो १६५६ सालच्या नाताळच्या दिवशी. त्याच्या आधीही दाते आणि वजने यांवर चालणारी घड्याळे होतीच, आणि त्यांच्या इतिहासात आपल्या किनाऱ्याशी जोडलेला एक धागा आहे. येशूसंघीय फादर मात्तेओ रिच्ची १५७८ साली गोव्यात उतरले. ‘ख्रिस्तपुराण’कार फादर स्टीफन्स तेथे आले त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. रिच्ची यांची गुरुदीक्षा १५८० साली कोचीनला झाली आणि पुढे ते चीनला गेले. १६०१ साली त्यांनी पेकिंगच्या सम्राटाला भेटी पाठवल्या, त्यांत आपोआप वाजणारी घड्याळे होती. सम्राटाला ती फार आवडली. परंतु घड्याळ भेट देऊन काम संपत नाही. ते चालते ठेवावे लागते. राजवाड्यातील सेवकांना त्याची निगा शिकवण्यासाठी आणि बिघाड दुरुस्त करण्यासाठी त्या मिशनऱ्यांना राजवाड्यात बोलावले जाऊ लागले. पुढे शांघायचे घड्याळजी रिच्ची यांना आपल्या धंद्याचे आद्य पुरुष मानू लागले. ज्या दारातून आत जायला मोठमोठ्या वकिलातींना अडचण पडे, ते दार दुरुस्तीच्या निमित्ताने उघडले, ही गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते.

आता आमच्या घड्याळाकडे वळू. ते उघडण्याआधी आम्ही वर्ध्याच्या एका वृद्ध घड्याळजींकडे गेलो. बाजारातील त्यांच्या टपरीवर आता बहुतेक गिऱ्हाईक मनगटी घड्याळाची बॅटरी बदलायला येते. डोळ्याला भिंग लावून त्यांनी आमचे म्हणणे ऐकले आणि तीन गोष्टी बजावल्या. पहिली : आतली कमान, म्हणजे चावी दिल्यावर गुंडाळली जाणारी पोलादी पट्टी, पूर्ण उतरवल्याखेरीज एकही स्क्रू सोडायचा नाही. भरलेली कमान अचानक सुटली तर चाकांचे दाते मोडतात आणि बोटेही फाटतात. चावी हातात घट्ट धरून, खटका बोटाने बाजूला करून, ती थोडी थोडी सैल करत न्यायची. दुसरी : घासलेट वापरायचे नाही. पुष्कळ घरांत घासलेटात भिजवलेला कापूस घड्याळाच्या पेटीत ठेवण्याची रीत असे. त्याने घड्याळ काही दिवस चालते, पण घाण निघत नाही. ती सैल होऊन भोकांत जाऊन बसते. तिसरी : जे समजत नाही त्याला हात लावायचा नाही, ते त्यांच्याकडे आणायचे.

माजघरातील मेजावर जुने पांढरे धोतर अंथरून आम्ही आणि पुतण्या कामाला लागलो. तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी असल्याने प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढून ठेवत होता. दोन कमानी, दोन चाकमाला : एक काटे चालवणारी, दुसरी टोल देणारी. बारा तासांत तासांचे अठ्ठ्याहत्तर टोल आणि अर्ध्या तासांचे बारा, म्हणजे दिवसाला एकशेऐंशी टोल. वर्षाला पासष्ट हजार सातशे. पाव मीटर लांबीचा लंबक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जायला अर्धा सेकंद घेतो. त्या हिशेबाने वर्षाकाठी सहा कोटींहून अधिक ठोके पडतात. चाकांच्या धुऱ्या ज्या भोकांत फिरतात, ती भोके इतक्या वर्षांच्या घासण्याने गोल न राहता लांबट होतात, यात नवल ते काय?

यंत्रणेचे तेल सुकून काळा डिंक झाला होता. एका कोपऱ्यात पांढरट थर होता. तो पाहताच आई म्हणाली, “ते खोबरेल असेल.” कधीतरी कोणीतरी घाईने त्यात खोबरेल तेल सोडले होते. खोबरेल साधारण चोवीस अंशांच्या खाली गोठते, आणि वर्ध्याच्या हिवाळ्यात पारा त्याच्या पुष्कळ खाली जातो. हे घड्याळ डिसेंबर-जानेवारीत मागे का पडते, असा प्रश्न आमच्या बालपणी दर वर्षी निघत असे. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला आमचे कुटुंब एकदा उशिरा पोहोचले होते, त्याचे उत्तर अखेर चाळीस वर्षांनी मिळाले.

उन्हाळ्याचा दोष वेगळा. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. उष्णतेने लंबकाची पोलादी दांडी किंचित लांबते, आणि लांब लंबक सावकाश झुलतो. वीस अंशांच्या फरकाला घड्याळ दिवसाला सुमारे दहा सेकंद मागे पडते. याला औषध एकच : लंबकाच्या गोळ्याखालील चक्री फिरवून तो जरा वर चढवणे. अशा लंबकाची लांबी एक मिलिमीटरने बदलली तर दिवसाला सुमारे तीन मिनिटांचा फरक पडतो, म्हणून चक्री फार थोडी फिरवायची. वडील दर रविवारी मिस्साहून आल्यावर चावी देत आणि आकाशवाणीच्या ठोक्यांवर वेळ जुळवत, ते याच कारणाने.

आतील पितळी पत्रा पुसल्यावर त्यावर सुईने कोरलेल्या बारीक तारखा दिसू लागल्या. घड्याळजींची ही जुनी पद्धत आहे. घड्याळ दुरुस्त केले की आतल्या बाजूला, मालकाच्या नजरेस न पडणाऱ्या जागी, ते आपली खूण आणि तारीख कोरतात. पुढच्या कारागिराला आधीचा इतिहास कळावा म्हणून. आमच्या घड्याळात तीन वेगवेगळ्या हातांच्या चार तारखा निघाल्या : १९४७, १९५९, १९७१ आणि १९८८. आमच्या घराण्यात रोजनिशी कोणी लिहिली नाही. घराचा लिखित म्हणावा असा इतिहास एवढाच, आणि तोही अनोळखी कारागिरांनी लिहिलेला. भंगारवाल्याकडे वजनावर गेला असता तो हाच पत्रा.

एक आठवण मात्र तेथे कोरलेली नव्हती. ती वडिलांकडून आमच्यापर्यंत आली आहे. १९४२ सालच्या जुलैत काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यालाच ‘इंग्रजांनी भारत सोडावा’ असा ठराव केला. ऑगस्टमध्ये आमच्याच जिल्ह्यातील आष्टी येथे गोळीबार झाला, माणसे हुतात्मा झाली. त्यानंतर पंधरा दिवसांनी, १ सप्टेंबरला, महायुद्धाची सोय म्हणून सरकारने देशभरातील घड्याळे एक तास पुढे केली. १५ ऑक्टोबर १९४५ रोजी तो तास परत घ्यायचा होता. परंतु या जातीच्या घड्याळात काटा उलटा फिरवता येत नाही, फिरवल्यास टोलाचा हिशेब बिघडतो. आजोबांनी काय केले? त्यांनी लंबक हाताने धरून थांबवला, सर्वांना अंगणात बसवले आणि एक तासाने पुन्हा झोका दिला. लहान असलेल्या वडिलांना तेव्हा वाटले की त्या तासात आपले वय वाढले नाही.

दोन भोके फारच झिजली होती. तो पत्रा आम्ही वर्ध्याला नेला. घड्याळजींनी भोके रुंदावून त्यांत पितळेची नवी बुशे बसवली. बाकीचे काम घरीच झाले. भाग उघड्या अंगणात पेट्रोलने धुतले, टोकदार काडीने प्रत्येक भोक कोरले, सुती कापडाने पुसले. तेल द्यायचे ते फक्त धुऱ्यांना, आणि तेही सुईच्या टोकावर राहील एवढाच थेंब. चाकांच्या दात्यांना तेल लावायचे नाही. त्यावर धूळ बसते आणि तेलात मिसळलेली धूळ कानशीसारखी पितळ खाते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घड्याळ जोडून भिंतीवर लावले, लंबकाला झोका दिला. पाच मिनिटे चालून ते थांबले. पुन्हा दिला, पुन्हा थांबले. भावाने काही म्हटले नाही, पण बॅटरीचे यंत्र मेजावरच ठेवलेले होते. त्या रात्री आम्हाला खरोखर अपराधी वाटले. आईच्या मनात आशा निर्माण केली आणि ती पुरी करण्याची विद्या आपल्याजवळ नाही, असे वाटले.

सकाळी पुतण्याने कान देऊन ऐकले आणि म्हणाला, “काका, ठोके सारखे नाहीत. लंगडते आहे.” टिक आणि टक यांमधील अंतर समान नसेल, तर घड्याळ चालत नाही. चाकाचे दाते एकेक करून सोडणारी नांगराच्या आकाराची पट्टी दोन्ही बाजूंना सारखी झुकली पाहिजे, आणि त्यासाठी पेटी सरळ टांगलेली हवी. आमच्या घराची ती भिंत जुन्या मातीची, पोट आलेली. तिच्यावर पेटी बसते ती तिरपी. मग ऐंशी वर्षांहून अधिक काळ घड्याळ चालले कसे?

तेव्हा आईला आठवले. पेटीच्या मागे, उजवीकडे खाली, एक पुठ्ठ्याचा तुकडा असे. वडिलांच्या निधनानंतर घराला रंग दिला, तेव्हा घड्याळ उतरवले होते. आम्ही धावत जाऊन कचऱ्याचा डबा पालथा केला. पेटीच्या तळाशी साचलेल्या धुळीबरोबर आम्हीच आदल्या दिवशी तो तुकडा झाडून टाकला होता. ते पुलगाव ते आर्वी या छोट्या गाडीचे जुने, जाड पुठ्ठ्याचे रेल्वे तिकीट होते. १९१७ साली सुरू झालेली ती अरुंद मार्गाची गाडी आता धावत नाही. आजोबांनी केव्हातरी ते तिकीट पाचरीसारखे पेटीमागे सरकवले असणार. ते जागेवर बसवताच ठोके सारखे पडू लागले. रंगाऱ्याने पाचर काढली आणि घड्याळ लंगडू लागले. सुकलेल्या तेलाने त्यात भर घातली. आणि आम्ही मात्र दोन वर्षे समजत होतो की यंत्र म्हातारे होऊन मेले.

वाचकहो, वर्धा जिल्ह्यात राहून दुरुस्तीचा विचार करणाऱ्याला सेवाग्राम आठवल्यावाचून राहणार नाही. आमचे घड्याळ घरात आले त्याच वर्षी, ३० एप्रिल १९३६ रोजी, गांधीजी वर्ध्याहून शेगाव नावाच्या खेड्यात राहायला गेले. रेल्वेवरील दुसऱ्या शेगावमुळे टपालाचा घोटाळा होऊ लागला, म्हणून १९४० साली त्याचे नाव सेवाग्राम झाले. आपल्या घरासाठी शंभर रुपयांहून अधिक खर्च होऊ नये आणि सामान आसपासचेच असावे, अशी त्यांची अट होती. माती, बांबू आणि कवेलू यांची ती घरे. मीराबेन यांनी स्वतःसाठी उभारलेली झोपडी पुढे ‘बापू कुटी’ झाली. दगडी राजवाडे ढासळले, पण ही मातीची कुटी उभी आहे. ती टिकाऊ होती म्हणून नव्हे. पावसाळा गेला की कोणीतरी भिंतीला मातीचा हात देते, कुजलेला बांबू बदलते, फुटलेले कवेलू काढून दुसरे बसवते म्हणून. आमच्या जिल्ह्याचा सर्वांत मौल्यवान वारसा ही अशी वस्तू आहे की जिची दुरुस्ती थांबली तर ती काही पावसाळ्यांतच मातीला मिळेल.

गांधीजींच्या कमरेला दोरीने अडकवलेले घड्याळ असे, हे त्यांच्या छायाचित्रांत आपण पाहतो. १९४७ साली रेल्वेप्रवासात कानपूर स्थानकावर त्यांचे घड्याळ चोरीला गेले, आणि काही महिन्यांनी ते परतही आले. ज्याने आपले सर्वस्व सोडले होते त्या माणसालाही ते गेल्याचे दुःख झाले होते. ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी सरदार पटेलांशी बोलताना प्रार्थनेची वेळ टळून गेली, तेव्हा आभाबेननी त्यांना त्यांचेच घड्याळ उचलून दाखवले होते. पुढे मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात त्यांचे एक झेनिथ घड्याळ, चष्मा, चपला, थाळी आणि वाटी अठरा लाख डॉलरना विकली गेली. ती एका भारतीय उद्योगपतीने घेतली, याचा देशाला आनंद झाला. परंतु ज्यांनी आयुष्यभर धनिकांना ‘तुम्ही मालक नाही, विश्वस्त आहात’ असे सांगितले, त्यांच्याच वस्तूंना लिलावाची बोली लागावी, याचे वाईटही वाटते.

विश्वस्तपणाचा हा विचार वर्ध्यात बसून ज्यांनी अर्थशास्त्रात उतरवला, त्यांतील एक ख्रिस्ती होते, हे आपल्या वाचकांना ठाऊक असावे. तंजावरला १८९२ साली जन्मलेले जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेऊन आणि अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून परतले, १९२९ साली गांधीजींना भेटले आणि त्यांचेच झाले. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम ते वर्ध्याच्या मगनवाडीतून पाहत. तुरुंगात लिहिलेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या ग्रंथात त्यांनी वाहते धन आणि साठ्याचे धन असा भेद केला आहे. कोळसा, खनिज तेल हे साठे. ते उपसले की संपतात. माती, पाणी, लाकूड, माणसाचे श्रम यांचा प्रवाह निगा राखली तर चालू राहतो. आमच्या मते दुरुस्तीचे कौशल्य हे असेच वाहते धन आहे. एका हातातून दुसऱ्या हातात गेले तर ते टिकते, नाहीतर एका पिढीत आटते.

बॅटरीच्या घड्याळाची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. स्फटिकावर चालणारे पहिले मनगटी घड्याळ टोकियोत विक्रीला आले तेही नाताळच्याच दिवशी, २५ डिसेंबर १९६९ रोजी. हायगेन्सच्या नमुन्यानंतर बरोबर ३१३ वर्षांनी. आणि ते काढले कोणी? आमचे सेकोशा घड्याळ ज्यांनी बनवले त्या हात्तोरींच्याच कंपनीने. आजच्या अशा घड्याळातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. त्याच्या अचूकतेपुढे लंबक कोठेच टिकत नाही. औषधाची वेळ, परीक्षेची वेळ, गाडीची वेळ यांसाठी ते घड्याळ जरूर वापरावे. परंतु ते बिघडले तर आपण ते दुरुस्त करत नाही, बदलतो. बदललेल्या वस्तूच्या आत तारखा कोरलेल्या नसतात. बंगळूरला १९६१ साली सुरू झालेला एचएमटीचा घड्याळ-उद्योगही २०१६ मध्ये बंद झाला. लाखो मनगटांवरील ती चावीची घड्याळे आता आमच्या त्या वृद्ध घड्याळजींसारख्या मोजक्या हातांवर अवलंबून आहेत.

शुभवर्तमानात धनी परगावी जातो आणि आपली मालमत्ता चाकरांच्या हाती सोपवून जातो. ज्याने आपला वाटा जमिनीत पुरून ठेवला, त्याने तो हरवला नव्हता, तरीही तो दोषी ठरला. वारशाच्या वस्तूचेही असेच आहे. ती विकणे हा एकच अपराध नव्हे. ती बंद अवस्थेत भिंतीवर टांगून ठेवणे, किंवा तिचे आतले सारे काढून वरचे कवच तेवढे मिरवणे, हेही तिला पुरून ठेवणेच आहे. वारस म्हणजे मालक नव्हे. आधीच्या हाताने जे दिले ते चालते ठेवून पुढच्या हाती देणारा तो विश्वस्त होय. आणि त्याची परीक्षा वस्तू बिघडते त्या दिवशी होते.

म्हणून आमची आपल्या कुटुंबांना एक साधी विनंती आहे. घरात असे घड्याळ, शिवणयंत्र, पेटी वा कंदील असेल, तर एक छोटी वही करावी. वस्तू कोणी, केव्हा आणली, कोणी दुरुस्त केली, तिची सवय काय, कोणते तेल लागते, पाचर कोठे बसते, हे सारे जाणत्या माणसाच्या हयातीत लिहून घ्यावे. आमचे वडील असताना एका वाक्यात कळले असते ते शोधायला आम्हाला चार दिवस आणि एक कचऱ्याचा डबा लागला.

आमच्या घरात आता दोन्ही घड्याळे चालतात. पुतण्याने आणलेले यंत्र एका नव्या तबकडीत बसवून स्वयंपाकघरात लावले आहे. माजघरातील घड्याळाला दर रविवारी चावी द्यायचे काम त्याने आपणहून पत्करले. पितळी पत्र्यावर पाचवी तारीखही त्यानेच कोरली. आम्ही फक्त भिंग धरले.

निघण्याच्या दिवशी पहाटे आम्ही उठलो, तेव्हा आई जागीच होती. रात्रीचे सगळे टोल तिने मोजले होते. “चालतं बरोबर,” ती म्हणाली, “पण स्वयंपाकघरातल्यापेक्षा एक मिनिट मागं आहे.” पुतण्याने पेटी उघडली आणि लंबकाखालची चक्री जराशी फिरवली.